इतर या रकान्यात

दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत वैशालीने लॉकरमधून मोबाईल काढला तेव्हा त्यावर एका अनोळखी नंबरावरून आलेले कॉल दिसले, आणि ती डब्याचं झाकण उघडते तोच तो नंबर पुन्हा वाजला. पलीकडे एक मुलगी होती. आवाज तरुण, पुण्याकडचा, सकाळपासून बोलून बसलेला. नाव नम्रता म्हणाली. निवडणुकीआधी मतदारसंघाचा कल काढणाऱ्या एका कंपनीत ती काम करते, कंपनीची मुलंमुली सध्या पेणच्या खाडीपट्ट्यात घरोघर फिरतायत, असं तिने एका दमात सांगितलं आणि मग विचारलं, "मॅडम, तुमचा नंबर गावातून मिळाला. महिपती मोकल हे तुमचे नातेवाईक ना? त्यांचा मोबाईल नंबर मिळेल का?"

"ते माझे वडील आहेत," वैशाली म्हणाली, आणि 'आहेत' हा शब्द आपल्या तोंडून किती सहज गेला हे तिला तो गेल्यावर कळलं. कँटीनमध्ये ताटांचा आवाज चालला होता. कोणीतरी तिच्या समोरची खुर्ची ओढून नेली. "कशासाठी हवाय नंबर?"

"त्यांचं नाव येतंय, मॅडम. आम्ही विचारतो, तुमच्या भागाचा आमदार कोण व्हावा असं तुम्हाला वाटतं? नावं आम्ही वाचून दाखवत नाही, लोकांनी आपणहून सांगायची. तर खाडीकाठच्या गावांत चारातला एकजण महिपती मोकल म्हणतोय. दोन-तीन गावांत तर निम्मे. आमच्याकडे उमेदवारांची जी यादी आहे तिच्यात ते नाहीत. अपक्ष भरणार आहेत का?"

"त्यांना जाऊन दहा वर्षं होत आली."

पलीकडची मुलगी सॉरी म्हणाली, आणि फोन ठेवायचं सोडून, कामाबाहेरचं विचारावं तसं हळू विचारलं, "मग लोक असं का सांगतायत?" मला काय माहीत, असं काहीतरी वैशाली पुटपुटली. नम्रता म्हणाली, आमचे सर म्हणतील ही सगळी नावं 'इतर'मध्ये टाका, तसंच करावं लागेल, पण मला वाटलं तुम्हाला कळायला हवं. फोन बंद झाल्यावर वैशालीने भाजीचा घास घेतला आणि तो बराच वेळ तोंडात तसाच राहिला. छातीच्या मधोमध, जिथे ॲसिडिटी झाली की जळजळतं नेमकं तिथे, काहीतरी ऊबदार पसरत चाललं होतं, आणि त्याला काय म्हणायचं हे तिला लगेच सुचेना. रोह्याच्या या कारखान्याच्या प्रयोगशाळेत ती वीसेक वर्षं काम करत होती. इथे कोणाला तिच्या वडिलांचं नावसुद्धा ठाऊक नव्हतं. समोरच्या टेबलावरच्या बायका दिवाळीच्या बोनसचं बोलत होत्या. त्यांना सांगावं असं तिच्या फार मनात आलं, आणि सांगायचं म्हणजे नक्की काय सांगायचं, वडील मेले आणि आता निवडून येतायत, असं? ती उठली, डबा धुतला. दुपारी काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडत फिकट गुलाबी रंगाची वाट पाहत उभी असताना तिचं लक्ष भलतीकडे गेलं आणि भांड्यातलं पाणी गडद गुलाबी झालं. हाताखालची मुलगी आश्चर्याने बघायला लागली. वैशाली मॅडमकडून असं होत नसे. तिने ते ओतून दिलं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि नवल म्हणजे तिला त्याचं काही वाटलं नाही.

घरी तिने कोणाला सांगितलं नाही. निडीचं तिचं सासर भातशेतीचं, भात निघालं की त्याच ओलीवर वाल टाकणारं. आणि त्या घरात तिच्या वडिलांचा विषय निघायचा तो हसण्यासाठी. सासरे हैबतराव त्या भागातल्या साहेबांचे जुने कार्यकर्ते. साहेब म्हणजे तीस वर्षं कधी आमदार, कधी माजी आमदार, पण कायम साहेब. आणि वैशालीच्या वडिलांनी एकदा याच साहेबांच्या विरोधात अपक्ष अर्ज भरला होता. चिन्ह मिळालं होतं बादली. खाडीपट्ट्यात तेव्हा प्यायच्या पाण्याचा टँकर चार दिवसांनी यायचा, त्यामुळे हे चिन्ह आपल्याला देवानेच दिलं असं दादा म्हणायचे. दादाच. माहेरी अख्ख्या गावासारखं तीही वडिलांना दादा म्हणायची. बाबा ही हाक तिने पहिल्यांदा मारली ती हैबतरावांना. निवडणुकीच्या त्या वर्षी ती नववीत होती. पेणच्या शाळेत मुलं तिला पाहून बेंचवर रिकाम्या बादलीसारखं वाजवायची. निकाल लागला, डिपॉझिट गेलं, आणि पुढे काही वर्षांनी हैबतरावांच्या मुलाचं, प्रविणचं, स्थळ आलं तेव्हा लग्नाच्या मांडवात हैबतरावांचे सोबती एकमेकांना विचारत होते, आहेरात बादली आली काय? हैबतरावही हसले होते. वाईट माणूस नव्हता तो. हसणारे हसतात म्हणून हसणारा होता. वैशालीने ते हसू मनात कुठेतरी ठेवून दिलं होतं, आणि वर्षानुवर्षं स्वयंपाकघरातून बाहेर येणारा चहा त्याच हसणाऱ्यांसमोर ठेवताना ती सरळ उभी राहायची, इतकी सरळ की सासूबाई एकदा म्हणाल्या होत्या, तुज्या पाठीला काय झालंय गो?

मग ते फुटलंच. कंपनीने अहवाल दिला की कोणीतरी आधीच बाहेर काढला कोण जाणे, पण मोबाईलवर बातम्या देणाऱ्या पेणच्या एका पोराने तो वाचून दाखवला आणि संध्याकाळपर्यंत तो प्रत्येकाच्या हातात होता. साहेब आणि त्यांचा प्रतिस्पर्धी यांच्यात केसाचं अंतर, साहेब मागे. आणि 'इतर' या रकान्यात एवढी मतं की तेवढी ज्याच्या पारड्यात पडतील तो आमदार. त्या 'इतर'मध्ये बहुतेक एकच नाव आहे आणि तो माणूस हयात नाही, हे सांगताना पोराचा आवाज चढला होता. प्रविणने जेवता जेवता तो व्हिडिओ लावला. हैबतराव भाकरीचा तुकडा हातात धरून ऐकत राहिले. "महिपतराव?" ते म्हणाले. एवढंच. आणि मग सुनेकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात वैशालीला पहिल्यांदाच असं दिसलं की ते आपल्याला शोधतायत, जसं एखादी वस्तू इतकी वर्षं घरात असून तिच्याकडे नीट बघायचं राहून गेलेलं असावं. ती आमटी वाढत राहिली. पण त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर अभिमानाच्या खालून दुसरं काहीतरी वर यायला लागलं आणि ते ऊबदार नव्हतं. आज सांगतायत. तेव्हा कुठे होती ही माणसं? तेव्हा याच गावांनी त्यांना इतकी थोडी मतं दिली होती की मोजणाऱ्यांनी तो आकडा वाचताना आवाजसुद्धा वाढवला नव्हता. निकालाच्या दुपारी दादा पेणहून परत आले, पडवीत पाय धुतले, आणि आईने दिलेल्या पंच्याला पाय पुसत म्हणाले, "आपली मानसं चुकली नाय. मी आमदार झालू तं मुंबईला जाईन. म्हनून ठेवून घेतलं मना." आई पंचा वाळत घालायला गेली. वैशाली दारात उभी होती. तिला वाटलं होतं, हे स्वतःची समजूत घालणं आहे, आणि दादांसारख्या माणसाने समजूत घालून घ्यावी याचा तिला इतका राग आला होता की ती जेवली नव्हती. तो राग अजून जागच्या जागी होता. त्याच्यावर आता हा नवा आनंद येऊन बसला होता आणि दोघांना मिळून जागा पुरत नव्हती.

रविवारी सकाळी कमळाकर आला. साहेबांचा उजवा हात, पांढरीशुभ्र पँट, पांढरीच गाडी, पेणपासून कोलाडपर्यंत कुठल्या गावात कोण कोणावर रुसलंय हे तोंडपाठ असलेला माणूस. तीस वर्षांत तो या घरात एकदाही आत आला नव्हता. अंगणाच्या कडेला गाडी थांबवून हैबतरावांना हाक मारायचा आणि हैबतराव चपला शोधत धावायचे. आज तो आत येऊन खुर्चीवर बसला आणि पहिलं वाक्य वैशालीला उद्देशून बोलला. "ताई, साहेबांनी नमस्कार सांगितलाय." पेणच्या मैदानात सभा होती. तिने व्यासपीठावर यावं, दोन शब्द बोलावेत, नाही बोलली तरी चालेल, नुसतं साहेबांच्या शेजारी बसावं. बॅनरवर दादांचा मोठा फोटो. निवडून आल्यावर खाडीच्या बांधाकडे जाणाऱ्या रस्त्याला दादांच्या नावाची कमान. "साहेबांना पहिल्यापासून आदर होता हो त्यांच्याबद्दल," कमळाकर म्हणाला, "विरोधात होते तरी." वैशाली भिंतीला टेकून उभी होती. कमान या शब्दाबरोबर तिला ती कमान दिसली, सिमेंटची, गुलाबी रंगाची, वर दादांचं नाव आणि खाली त्याहून मोठ्या अक्षरात साहेबांचं. आणि लाज वाटावी असं एक क्षणभर तिला ती आवडलीसुद्धा. दादांचं नाव इतक्या उंचावर तिने कधी वाचलं नव्हतं. मग प्रविण म्हणाला, "बघ ना, चांगलंच आहे," आणि कमळाकरला वाटलं की काम झालं. तो मोकळा झाला, खुर्चीत मागे रेलला आणि चहाचा कप उचलत हैबतरावांना म्हणाला, "काय दिवस आलेत बघा हैबतराव. मेलेला माणूस मतं खातोय."

हैबतराव हसले नाहीत. वैशाली वाट पाहत होती त्या हसण्याची. इतक्या वर्षांच्या सवयीने तिचे खांदेसुद्धा त्यासाठी ताठ झाले होते. हैबतरावांनी आपला कप खाली ठेवला आणि म्हणाले, "कमळाकर, ते माझे व्याही होते."

आवाज चढलेला नव्हता. कमळाकरने तसं नव्हतं हो म्हणायचं, वगैरे सुरू केलं, हैबतराव मान हलवत राहिले, आणि वैशाली म्हणाली, "मी आईला विचारून सांगते." गाडी गेल्यावर हैबतराव ओट्यावर येऊन बसले. समोर भाताचं शेत पिवळं पडलं होतं, कापणीला आठवडा राहिला असेल. तिकडे बघतच, सून मागे उभी आहे हे गृहीत धरून, बोलले. "लग्नाच्या वेळी मला भेटायला आले होते महिपतराव. मला म्हणाले, माझी पोरगी जरा ताठ हाय, सांभाळून घ्या. मी म्हटलं घेऊ. पण मी सांभाळलं नाय, तूच आम्हाला सांभाळलंस. तुला वाटेल ते सांग त्या कमळाकरला. माझी काळजी नको. सतरंज्या उचलून उचलून कंबर गेली माझी, आता काय बिघडायचंय." वैशाली आत गेली आणि त्यांच्यासाठी पुन्हा चहा ठेवला, त्यांना आवडतो तसा, आलं जास्त घालून.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून ती सकाळच्या गाडीने निडीहून पेणला निघाली. डबा जवळपास रिकामा होता. नागोठण्यानंतर डोंगर मागे सरले आणि जमीन सपाट होत गेली, आणि तिच्या अंगात नेहमी होतं तसं झालं, कान आतून उघडल्यासारखे. सासरच्या बाजूला जमीन वर चढते, झाडं असतात, पाणी डोंगरावरून येतं आणि निघून जातं. माहेरची जमीन समुद्राकडून उसनी आणलेली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये एक मातीचा बांध, बस. त्यातून शेतातलं पाणी बाहेर सोडायला जागोजागी लाकडी झडपा, त्यांना उघाडी म्हणायचं. आणि मोठ्या उधाणाला बांध कुठेतरी फुटला की खारं पाणी आत शिरून तीन-चार वर्षं भाताचं रोप उभं राहत नाही. फुटण्याला तिकडे 'खांड गेली' म्हणतात. ती दहा वर्षांची असताना भर दुपारी खांड गेली होती. श्रावणातलं उधाण. शाळेतून परतताना तिला लांबून माणसं धावताना दिसली आणि तीही धावली. फुटलेल्या जागी पाणी तपकिरी रंगाचं, जाड, दोरखंडासारखं पिळा घालून आत येत होतं, आणि त्याच्या मधोमध छातीपर्यंत पाण्यात दादा उभे होते. नुसते उभे. त्यांच्या दोन्ही हातांना दोन माणसं, त्यांच्या हातांना आणखी दोन, अशी माणसांची भिंत पाण्यात उभी राहिली होती आणि तिच्या मागे बाकीचे चिखलाची ढेकळं, पेंढा, पोती टाकत होते. आई बांधावर होती, पोत्यांची तोंडं बांधत होती आणि एकेकाचं नाव घेऊन हाक मारत होती, आणि पाण्यातून एकेकाची ओ येत होती. पाणी ओसरेपर्यंत ती भिंत हलली नाही. दादा बाहेर आले तेव्हा त्यांच्या अंगावर गवत चिकटलं होतं आणि ते थंडीने कापत होते, आणि तिच्याकडे बघून म्हणाले होते, "शाळा सुटली काय गो?" हे ती कितीतरी वेळा आठवायची, आणि प्रत्येक वेळी तिला वाटायचं की आपण ज्याला पाहिलं तो माणूस जगाला दिसलाच नाही. मागाहून खासगी जेट्टीचे लोक जमिनी मागायला आले, कोणी विकल्या, कोणी नाही, दादा त्यांच्याशी भांडले, कचेऱ्यांत भांडले, टँकरसाठी भांडले, बांधाच्या दुरुस्तीसाठी भांडले, काही मिळालं, पुष्कळ मिळालं नाही. मग थकले आणि एका उन्हाळ्यात गेले. वर्तमानपत्रात ओळसुद्धा आली नाही. गाडीच्या खिडकीतून तिने आता मिठागरांचे चौकोन पाहिले, पाणी भरलेले, त्यांत आभाळ. छातीतली ऊब परत आली होती. या वेळी तिने तिला नाव दिलं. अभिमान, ती मनात म्हणाली, आणि तो शब्द पाठ्यपुस्तकातला वाटला नाही.

पेणहून मिनीडोर रिक्षाने ती खारतळ्याला उतरली. धरमतरच्या खाडीच्या काठावरचं हे तिचं गाव. घरापर्यंत बांधावरून चालत जायला लागतं. वाटेत मालूकाकी भेटली, दादांच्या भिंतीतल्या एकाची बायको, आता दात गेलेली, हातात निवट्यांची टोपली. "कवा आलीस गो वैशू?" तिने विचारलं आणि उत्तराची वाट न पाहता म्हणाली, "दादाचं नाव मोबायलात आलं म्हनून आलीस ना."

"काकी, तुम्हीच सांगितलंत ना ते?"

"सांगलं तं. त्या पोरानं इचारलं, आमदार कोन पायजे. कोन उभा हाय ते त्यानं इचारलंच नाय. मंग पायजे तो सांगलं आमी." ती हसली. टोपलीतल्या चिखलात मासे वळवळले. "माज्या सूनेनं पन तोच सांगलान. ती तं दादा गेल्यावर लगीन होऊन आली, तिनं बघितलेलापन नाय त्याला."

वैशालीने इतकी वर्षं धरून ठेवलेलं विचारलं. रागाने विचारायचं ठरवलं होतं, पण या म्हातारीच्या समोर तो रागाचा सूर कुठून आणावा ते तिला कळेना. "मग तेव्हा का नाही दिलंत मत? उभे होते तेव्हा?"

मालूकाकीने टोपली खाली ठेवली. तिने उत्तर शोधलं, खरोखर शोधलं, खाडीकडे बघत. "तवा दादा हुताच ना," ती शेवटी म्हणाली. "हाक मारली का येत हुता. त्याला मुंबईला कोन धाडील? खांड गेली तं?" मग टोपली उचलत, "चुकलंच म्हन आमचं. पन आमाला तसाच पायजे हुता तो, हितंच." पडवीत पाय पुसत बसलेल्या दादांनी जे सांगितलं होतं तेच हे होतं, शब्दसुद्धा जवळपास तेच, आणि ती समजूत नव्हती. दादांनी आपल्या लोकांचा निकाल वाचला होता आणि बरोबर वाचला होता. नववीतली जी मुलगी दारात उपाशी उभी होती ती आता कुठे तिथून हलली. बांधाच्या दोन्ही अंगांना वारा सारखाच लागत होता. ती चालायला लागली आणि तिच्या लक्षात आलं की राग मोजून पाहावा तर तो सापडत नाही.

आई ओट्यावर सुपात तांदूळ घेऊन बसली होती. चंद्रावतीबाई आता पंचाहत्तरीच्या पुढे, पण नऊवारीचा काष्टा अजून कामावर निघाल्यासारखा. मुलगा पनवेलला बोलावतो, ती जात नाही. वैशालीने हातपाय धुतले, आईने ताकाचा तांब्या पुढे केला, आणि वैशालीने कमळाकरचं सगळं सांगितलं. सभा, फोटो, कमान. हैबतराव काय बोलले तेही सांगितलं. त्यावर आईचे हात सुपात थांबले. "व्याही म्हनलं?" तिने विचारलं. "चांगलं झालं." आणि पुन्हा तांदूळ पाखडायला लागली.

"मग मी काय सांगू कमळाकरला?"

"तुला काय वाटतं?"

"मला नाही द्यायचा फोटो. दादा ज्यांच्याशी भांडले त्यांच्याच शेजारी त्यांना लटकवायचं. उद्या साहेब हरले तर म्हणतील मोकलचा फोटो लावून हरलो." बोलता बोलता तिला कळलं की हे तिने कालच ठरवलं होतं. ती इथे विचारायला आली नव्हती. ज्या कोणाला हे सगळं तिच्याइतकंच मोठं वाटेल त्याच्यासमोर बसायला आली होती.

"मंग तसंच सांग."

तिने तिथूनच फोन लावला. कमळाकरने ऐकून घेतलं, मग आवाजातली 'ताई' थोडी कमी करून विचारलं की हैबतरावांना हे पटलंय का, त्यांचंही साहेबांकडे काही वजन आहे, ते जाईल. "बाबांना विचारूनच आलेय," वैशाली म्हणाली. "आणि दादांचा फोटो कुठे दिसला तर आम्ही सगळे गावकरी येऊन उतरवू." आम्ही सगळे गावकरी. तिला या गावातून जाऊन चोवीस वर्षं झाली होती, पण तो शब्द अंगावर बरोबर बसला. तिने फोन ठेवला. आई तिच्याकडे बघत होती आणि तिच्या सुरकुत्यांमध्ये कुठेतरी हसू होतं.

"ते कल घेणारे तुझ्याकडे आले होते का?" वैशालीने विचारलं. एवढा वेळ हे कसं सुचलं नाही याचं तिला नवल वाटलं.

"आलती एक पोरगी. उन्हानं लाल झालेली. पानी दिलं, बसवलं."

"मग काय, तूही दादांचंच नाव सांगितलं असशील."

"नाय गो." आईने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला. "ते कुटं उभं रवतान आता."

"मग?"

"माजं सांगलं."

वैशालीला आधी नीट कळलं नाही. "तुझं म्हणजे?"

"माजं म्हंजे माजं. चंद्रावती महिपती मोकल. आमदार कोन पायजे इचारलान, मी म्हनलं मी. हसली नाय ती. लिवून घेतलान. वय इचारलान, ते पन सांगलं." आई अगदी साध्या आवाजात बोलत होती, शेजारणीला भाजीचा भाव सांगावा तशी. "खांड गेली का पानी बघून उडी टाकनारा एक लागतो, ते हुतं. पन मानसं घरातून काढायची, कोन आला कोन नाय ते बघायचं, बाहेर आल्यावर शेकायला पेटवायचं, खायाला घालायचं, दुसऱ्या दिवशी कचेरीत जायाला त्यांना उठवायचं, हे मीच केलं ना. मना जमलं असतं आमदार. कोनी इचारलंच नाय कवा. ती पोरगी पैली."

खांड गेली त्या दुपारचं तपकिरी पाणी वैशालीच्या डोळ्यांसमोर आलं आणि या वेळी तिने पाण्याच्या मध्यावर पाहिलंच नाही. बांधावर एक बाई उभी होती, कासोटा वर खोचलेली, तोंडात सुतळी धरलेली, आणि एकामागून एक नावं घेत होती. काळुराम, पुंडलिक, धाकट्या घरचा, मालूचा नवरा. आणि ओ आली नाही तर तेच नाव पुन्हा, ओ येईपर्यंत. ती भिंत हलली नव्हती ती कशामुळे हे दहा वर्षांच्या मुलीने पाहिलं होतं, ऐकलं होतं, आणि पुढे आयुष्यभर दुसरीकडे बघत राहिली होती. कुठल्या तरी संगणकात, इतर या रकान्यात, दादांच्या एवढ्या मोठ्या ढिगाशेजारी एक मत वेगळं पडलं असेल, एकाच माणसाचं, आणि फोनवरच्या त्या नम्रताला वाटलं असेल, ही कोण? वैशालीचे डोळे भरून आले आणि तिला ते पुसावेसे वाटले नाहीत. "बरं केलंस," ती म्हणाली. तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजापेक्षा मोठा होता.

"बरंच केलं," आई म्हणाली.

बांधाच्या बाजूने मालूकाकीची हाक आली. भरती चढायला लागली होती आणि खालच्या उघाडीचं दार उघडंच अडकून बसलं होतं, पोरांना जमत नव्हतं. आईने सूप बाजूला ठेवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि काष्टा घट्ट केला. वैशालीने चपला शोधल्या, मग त्या न घालताच तिच्या मागून निघाली. बांध अरुंद होता, दोघींना शेजारी शेजारी चालायला जागा नव्हती. आई पुढे चालली होती आणि आतापासूनच एकेकाला नावाने हाक मारायला लागली होती.